भिजत पडलेलं घोंगडं

"आई, शनिवारी तुला एक गंमत दाखवायला नेणार आहे," लेक म्हणाली तेव्हा मी मनातल्या मनात हिशेब मांडला. वॉशिंग्टनची म्युझियम्स झाली, बाल्टिमोरचं मत्स्यालय झालं, देवळं झाली, मॉल तर इतके झाले की माझ्या पायांनी संपच पुकारला. आता आणखी काय राहिलं? तर म्हणाली, "मेंढ्यांची आणि लोकरीची जत्रा!"

मी तिच्याकडे बघतच राहिले. मैत्रिणींनो, माणसं अमेरिकेत जाऊन नायगारा बघतात आणि माझ्या नशिबी काय, तर मेंढ्या! ज्या मेंढ्यांच्या वासापासून लांब पळता पळता मी बी.ए., बी.एड. झाले, शाळेत मास्तरीण झाले, लेकीला इंजिनीअर केलं, त्या मेंढ्या मी सात समुद्र ओलांडले तरी माझ्या वाटेत उभ्या होत्या.

जरा खुलासा करते. माझं माहेर माणदेशातलं. आमचं घर सनगरांचं. धनगरांनी मेंढ्या राखायच्या आणि सनगरांनी त्यांच्या लोकरीची घोंगडी विणायची, ही आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. घरात शिरलं की उजव्या हाताला खड्ड्याचा माग. खड्ड्यात पाय सोडून आप्पा बसलेले. अंगणात ताणा ताणलेला आणि त्याला चिंचोक्याची खळ लावणं चाललेलं. आणि घरभर लोकर. ताटात लोकर, अंथरुणात लोकर, परकराला लोकर.

कॉलेजसाठी हॉस्टेलवर राहायला गेले तेव्हा आप्पांनी अंथरायला घोंगडं दिलं. साधंसुधं नाही, जावळाचं. कोकराची पहिल्यांदा कातरलेली मऊ लोकर म्हणजे जावळ. असं घोंगडं पाहुण्यालाही सहसा मिळत नाही. पण खोलीतल्या मुलींनी नाकाला रुमाल लावला. एक म्हणाली, "शी! इथे बकरी बांधलीय का गं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. ते माझं हसणं मला आजही टोचतं, नव्या घोंगड्यासारखं. दिवाळीच्या सुट्टीत घोंगडं घरी परत नेलं. म्हटलं, "तिथे गादी मिळते." आप्पा काही बोलले नाहीत. आईने ते झटकलं, घडी घातली आणि ठेवून दिलं. त्यानंतर मी लोकरीला हात लावला नाही. हिवाळ्यात स्टाफरूममध्ये सगळ्या बायका स्वेटर विणत बसायच्या तेव्हाही मी आपली पेपर तपासत बसायची. 'मला नाही बाई ते येत,' असं अभिमानाने सांगायची.

तर २०२४ च्या मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी आमची वरात निघाली. आम्ही दोघं, लेक-जावई, आठ वर्षांची नात, लेकीची नागपूरची मैत्रीण, तिच्या सासूबाई आणि शेजारची एक अमेरिकन बाई. ही शेजारीण विणकामाची नादी. सगळा बेत तिचाच. मे महिना असून अंगात स्वेटर, आणि दोन गाड्यांत मिळून तीन डबे. इडल्या, धपाटे आणि नागपूरकरांची सांबारवडी.

मेरीलँड राज्यातल्या हॉवर्ड काउंटीत वेस्ट फ्रेंडशिप नावाच्या गावी ही जत्रा भरते. तिथल्या मेंढपाळांच्या संघटनेने ती सुरू केली. दरवर्षी मे महिन्याचा पहिला शनिवार-रविवार ठरलेला. २०२३ मध्ये तिचं पन्नासावं वर्ष साजरं झालं. आपल्याकडे गुरांच्या बाजाराचं मैदान असतं ना, तसंच मैदान. लांबच लांब शेड, गवताचा वास, चिखलात बुडालेले बूट. फरक एवढाच की गर्दीतल्या निम्म्याअधिक माणसांच्या अंगावर स्वतःच्या हाताने विणलेलं काहीतरी होतं आणि जो तो दुसऱ्याच्या पाठीकडे बघून 'हा टाका कुठला?' असं विचारत होता.

एका शेडमध्ये मेंढ्याच मेंढ्या. मेरिनो, रोमनी, आणि ठिपक्याठिपक्यांची जेकब. या जेकबला चार चार शिंगं. "आजी, हिला दोन जास्तीची का?" नातीने विचारलं. जावयांनी मोबाइलवर शोधेपर्यंत ती पुढच्या कोकराकडे पळालेली. पलीकडच्या मैदानात एक कुत्रा मेंढ्या वळवून दाखवत होता. एक शीळ घातली की डावीकडून, दुसरी घातली की उजवीकडून. आमचे 'हे' तिथेच रमले. म्हणाले, "एवढं माझं ऐकणारं आपल्या घरात कुणी आहे का?" खाण्याच्या रांगेत कोकराच्या मांसाचे बर्गर. एका शेडमध्ये कोकराचे लाड आणि दुसऱ्या शेडमध्ये हे! पण आपल्या जत्रेत तरी वेगळं काय असतं म्हणा.

मग आम्ही लोकरविक्रीच्या शेडमध्ये शिरलो आणि माझे पाय थबकले. तोच वास. न धुतलेल्या लोकरीचा, तेलकट, उबदार. पन्नास वर्षं मी ज्याच्यापासून पळाले तोच. टेबलांवर ओळीने पारदर्शक पिशव्या मांडलेल्या. एकेका पिशवीत एकेका मेंढीची अख्खी लोकर. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी. मेंढीची जात कोणती, वजन किती, कुठल्या शेतावरची, किंमत काय. आणि काही चिठ्ठ्यांवर चक्क मेंढीचं नाव!

मला आधी हसू आलं. नंतर मात्र मनात काहीतरी रुतलं. आमच्या घरातून किती घोंगडी बाजारात गेली असतील, त्यांतल्या एकावर तरी कुणाचं नाव होतं का? मेंढीचं राहू द्या, माझ्या आईचं?

पण खरी ठेच लागली ती स्पर्धेच्या शेडमध्ये. 'मेंढी ते शाल' अशी तिथली जुनी स्पर्धा आहे. पाच जणांचा संघ. एक मेंढी कातरणारा, तिघं सूत कातणारे आणि एक विणणारा. वेळ तीन तास. मेंढीच्या अंगावरची लोकर तीन तासांत शाल होऊन बाहेर आली पाहिजे. मागावर ताणा आधीच चढवलेला असतो, बाकी सगळं डोळ्यांदेखत. पायाने फिरवायचे चरखे गरगरत होते, लोक ओरडून ओरडून उत्तेजन देत होते. या शालींचा नंतर लिलाव होतो.

मी मात्र बोटं मोजत उभी. विणणारा एक आणि कातणारे तीन. आमच्या घरी आजी, आई आणि धाकटी आत्या कातायच्या आणि आप्पा विणायचे. तीनास एक! अगदी तोच हिशेब. त्यांना आमच्या घरचं गुपित कुणी सांगितलं? कुणीच नाही. हाताने सूत काढायचं गणितच तसं आहे. एक माग नीट चालवायचा तर एका चरख्याचं सूत पुरत नाही. मग तो माग मेरीलँडचा असो की माणदेशातला.

फरक पुढे आहे. तिथे शाल पुरी झाली तेव्हा टाळ्या पाचही जणांना मिळाल्या. आमच्याकडे 'विणकर' म्हणजे एकटे आप्पा. लहानपणीचा एक प्रसंग लख्ख आठवला. खानेसुमारीचा माणूस दारात आला होता. "धंदा काय?" त्याने विचारलं. आप्पा म्हणाले, "घोंगडी विणतो." "आणि ह्या?" "ह्या घरीच असतात." आई तेव्हा चरखा फिरवत होती हो! चरखा थांबवून त्या माणसाला पाणी द्यायलाही तीच उठली.

आप्पांना दोष देत नाही. भला माणूस होता. आईला कधी हिडीसफिडीस केलं नाही. पण बायका करतात ती 'मदत' आणि पुरुष करतो तो 'धंदा', हे आपल्या भाषेतच इतकं मुरलेलं आहे की त्यांच्या मनात दुसरं काही आलंच नाही. आणि खरं सांगू? माझ्याही आलं नाही. मी शिकलेली, पगार आणणारी बाई. शाळेच्या फॉर्मवर मुलांच्या आईच्या धंद्यासमोर मी स्वतःच्या हाताने वर्षानुवर्षं 'गृहिणी' लिहीत आले. तिच्या घरी विड्या वळतात, कपडे शिवतात की पापड लाटतात, हे विचारायची तसदीसुद्धा घेतली नाही.

पुढे एका स्टॉलवर एक आजीबाई टकळीवर सूत काढायला शिकवत होत्या. शेजारणीने मला कोपराने पुढे ढकललं. मी "नको नको" म्हणता म्हणता टकळी हातात आली. पहिल्यांदा धागा तुटला. दुसऱ्यांदाही तुटला. तिसऱ्या वेळी मात्र काय झालं कोण जाणे, बोटांनी आपणच लोकर सोडायला सुरुवात केली. थोडी ओढ, थोडी ढील. धागा निघत राहिला, टकळी जमिनीकडे उतरत राहिली. लहानपणी शाळेतून आलं की आईजवळ बसून मी थोडं कातायची. डोकं विसरलं होतं, बोटं विसरली नव्हती.

लेक थक्क. "आई, तुला हे येतं?" आजोबा घोंगडी विणायचे एवढंच तिला माहीत. तिची आजी कातायची आणि आईही कातायची, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. त्या आजीबाईंनी विचारलं, "कुणी शिकवलं?" म्हटलं, "माझ्या आईने." त्यांचा पुढचा प्रश्न, "नाव काय त्यांचं?" मी आईचं नाव सांगितलं. त्यांनी ते जमेल तसं, तोडूनमोडून उच्चारलं. परक्या माणसाने आईचं नाव विचारल्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. नाहीतर ती कायम अमक्याची आई, तमक्याची बायको.

दुपारी गवतावर चटई टाकून डबे उघडले आणि वादाला तोंड फुटलं. स्टॉलवरच्या शालींच्या किमती बघून नागपूरच्या ताई हैराण झाल्या होत्या. म्हणाल्या, "अहो ताई, मी सुनेच्या डोहाळजेवणापासून गल्लीतल्या बाळांसाठी स्वेटर-टोपडी विणत आले. चाळीस वर्षं! कधी कुणाकडून पैसा घेतला नाही. मायेच्या कामाचं मोल करायचं का?"

प्रश्न बिनतोड होता. मी जरा विचार करून म्हटलं, "ताई, गल्लीतल्यांनी लोकरीचे तरी पैसे दिले का?" ताई गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "एकीकडे मागितले होते. तर म्हणाली, तुम्ही काय, घरीच तर असता."

बघा. पुन्हा तेच शब्द. घरीच असता!

माया द्यावी, जरूर द्यावी. नातवाच्या टोपड्याची पावती फाडा असं मी म्हणत नाही. पण देणाऱ्याला आपण काय देतोय ते ठाऊक पाहिजे आणि घेणाऱ्यालाही. ज्याची किंमतच कुणाला माहीत नाही ते दिलं तरी देणं ठरत नाही. मग ती बाईची 'हौस' ठरते, तिचा 'फावला वेळ' ठरतो. आणि बाईला फावला वेळ कधी असतो हो? त्या टकळीवाल्या आजीबाईंकडे एक वही होती. प्रत्येक वस्तूला किती तास लागले ते त्यात लिहिलेलं. त्यांतल्या पुष्कळ वस्तू त्यांनी नुसत्याच देऊन टाकल्या होत्या. पण तास मात्र लिहिले होते!

आता तुम्ही म्हणाल, झालं, बाई अमेरिकेला जाऊन आल्या आणि लागल्या तिकडचं गुणगान गायला. तसं नाही. त्या जत्रेत हिंडणाऱ्या बऱ्याच जणींची पोटं भरलेली होती हे मलाही दिसत होतं. दिवसभर चरखा फिरवून रात्रीची भाकरी मिळवायची वेळ त्यांच्यावर नव्हती. त्यांनी लोकर आवडीने निवडली, आमच्या आईच्या वाट्याला ती जातीने आली. हा फरक लहान नाही. शिवाय तिथल्या मेंढपाळांचंही काही फार बरं चाललंय असं नाही. ठोक बाजारात भरड लोकरीला पुष्कळदा कातरण्याची मजुरी निघेल एवढाही भाव येत नाही. म्हणून तर ते जत्रेत येतात. कातणाऱ्या बाईला लोकर थेट विकली तर चार पैसे सुटतात.

यातून शिकण्यासारखं आहे ते एवढंच की लोकर जाडीभरडी म्हणून टाकून द्यायची नसते. तिथल्या नवाहो आदिवासींची चुरो नावाची मेंढी आहे. तिची लोकर काही मेरिनोसारखी मऊ नाही, पण नवाहो बायका पिढ्यान्‌पिढ्या तिचेच गालिचे विणत आल्या. १९३० च्या दशकात सरकारने चराऊ रानं वाचवण्याच्या नावाखाली त्यांच्या मेंढ्या मोठ्या प्रमाणावर मारल्या आणि ही जात संपत आली. १९७७ मध्ये एका प्राध्यापकाने उरल्यासुरल्या मेंढ्या गोळा करून ती पुन्हा वाढवायचं काम हाती घेतलं. आता तर 'लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी' या संस्थेने २०१९ पासून दुर्मीळ मेंढ्यांसाठी एक मजेशीर उपक्रम चालवला आहे. विणणाऱ्या-कातणाऱ्या बायका पासपोर्टसारखी एक वही ठेवतात. अशा मेंढीची लोकर घेतली, तिचं काही बनवलं, की वहीत नोंद. लोकर खपली तर मेंढी टिकेल, असा सरळ हिशेब.

आणि आपली दख्खनी मेंढी? कमी पावसाच्या मुलखात मैलोन्‌मैल चालणारी, काटक, काळी. तिची लोकर भरड, केसाळ. एकेकाळी या लोकरीच्या घोंगड्यावर आपलं सगळं आयुष्य चालायचं. पावसात खोळ, थंडीत पांघरूण, पाहुण्याला बैठक, खंडोबाच्या जागरणाला आसन. गिरणीची स्वस्त ब्लँकेटं आली, प्लॅस्टिकचे कागद आले आणि घोंगडं मागे पडलं. आता मेंढी पाळतात ती मुख्यतः मटणासाठी. लोकर कातरावी तर लागतेच, पण घ्यायला कुणी येत नाही म्हणून पुष्कळ ठिकाणी ती रानातच टाकून देतात. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची मोठी यात्रा भरते. तिथे भंडारा आणि खोबऱ्याबरोबर लोकरही उधळतात. म्हणजे देवाला आपली लोकर चालते. चालली नाही ती हॉस्टेलच्या मुलींना. आणि मला.

परत आल्यावर महिन्याभरात माहेरी गेले. आई आता चौऱ्याऐंशीची. भावाकडे असते. मागाचा खड्डा केव्हाच बुजवला, तिथे भाच्याची मोटारसायकल उभी असते. त्याला मी नावं ठेवणार नाही. त्या खड्ड्यात बसून बसून आप्पांचे गुडघे गेले होते आणि आईचा खोकला कधी गेलाच नाही. पोरांनी ते काम सोडलं याचं तिला दुःख नाही. दुपारी तिच्याजवळ बसले आणि वही काढली. म्हटलं, "आई, एका घोंगड्याला किती दिवस लागायचे गं?"

"तुझ्या बाला दोन दीस."

"त्यांचं नाही. तुमचं. कातायला."

ती माझ्याकडे बघायला लागली. "ते कोण मोजतंय?" मग आठवून आठवून सांगायला लागली. दोन-अडीच किलो लोकर. पिंजून आली की तिघी बसायच्या. स्वयंपाकपाणी, शेणघाण, लेकरंबाळं सांभाळून चार दिवस. वर खळ शिजवणं, ताण्याला लावू लागणं. "तवा कुठं तुझ्या बाला मागावर बसाय मिळायचं," ती म्हणाली.

तिघींचे चार चार म्हणजे बारा दिवस. आप्पांचे दोन. मी कागदावर आकडे लिहून तिला दाखवले. ती हसली. "मग आता काय पैसं देतीस व्हय?"

मी तिला जत्रेची गोष्ट सांगितली. मेंढीच्या नावाची चिठ्ठी, तीन कातणारे आणि टाळ्या, टकळी, तिचं नाव विचारणारी बाई. आणि मग पन्नास वर्षांनी हॉस्टेलची गोष्टही सांगितली. नाकाला लावलेले रुमाल, माझं हसणं, सगळं.

आई म्हणाली, "मला ठावं हुतं. गादी मिळती म्हणून कुणी जावळाचं परत आणतंय व्हय?" मग जरा थांबून म्हणाली, "त्याचं सूत मी एकटीनंच काढलं हुतं. कुणाला हात लावू दिला न्हाई."

आणि अंथरुणावरची चादर बाजूला सारून तिने दाखवलं. ती त्याच घोंगड्यावर झोपते. एका कडेला कसर लागलेली, मधे ठिगळ, पण अजून मऊ.

मैत्रिणींनो, एखादं काम लोंबकळत पडलं की आपण म्हणतो, भिजत घोंगडं पडलंय. बायकांच्या कामाचं घोंगडं असंच पिढ्यान्‌पिढ्या भिजत पडलं आहे. आणि ज्यांनी घोंगडं वापरलंय त्यांना ठाऊक आहे, भिजलेलं घोंगडं किती जड होतं ते. ते उचलून उन्हात घालायला सरकार येईल, संस्था येईल, अशी वाट बघू नका. तीन गोष्टी तर आजच करता येतील.

एक, जे हाताने कराल त्यावर आपलं नाव घाला. गोधडी असो, स्वेटर असो की रुमाल. कोपऱ्यात दोन टाक्यांचं का होईना. चित्रकार चित्रावर सही करतो तेव्हा त्याला कुणी गर्विष्ठ म्हणत नाही.

दुसरी, एक वही ठेवा आणि तास लिहा. पैसे घ्यायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण विकायचं असेल तर नुसत्या लोकरीचे आणि दोऱ्याचे पैसे मागू नका, हातांचेही मागा. फुकट द्यायचं असेल तर देताना तास सांगून द्या. "बाळाला टोपडं केलंय, अकरा तास लागले," एवढंच. ऐकणाऱ्याचा चेहरा बघा.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. आता २०२७ ची जनगणना आहे. मोजणीचा माणूस, किंवा आमच्यासारखी एखादी शिक्षिका, तुमच्या दारातही येईल. घरच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात बाईने बिनपगारी केलेलं काम २०११ च्या जनगणनेतही 'काम'च धरलेलं होतं. पण उत्तर कोण देतं? ओसरीवर बसलेला पुरुष. आणि तो काय सांगतो ते आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा पाणी द्यायला उठायच्या आधी उत्तर द्यायला उठा. दुकानाचे हार गुंफता ना, घरच्या गोठ्याचं दूध काढून डेअरीला घालता ना, विकायच्या गोधड्या शिवता ना? मग तसं सांगा. आणि मोजणीला जाणाऱ्या माझ्या शिक्षिका मैत्रिणींनो, 'ह्या घरीच असतात' हे उत्तर ऐकलंत की एकदा, फक्त एकदा, आत बघून विचारा, "बाई, तुम्ही काय करता?"

माझ्या आईचं काम आता त्या रकान्यात येणार नाही. तिचे काम करण्याचे दिवस सरले. तिच्याबाबतीत आम्हा सगळ्यांना उशीर झाला. मी आपली त्या दिवशी सुई-दोरा घेऊन बसले आणि त्या जुन्या घोंगड्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने तिचं नाव घातलं. टाके वाकडेतिकडे आलेत. शिवण-टिपण मी कधी शिकलेच नाही ना! आईने ते निरखून पाहिलं आणि म्हणाली, "उसव ते. नीट घाल."

आता तिसऱ्यांदा घालते आहे.